स्कायरिम दर वेळी तिसाव्या लेव्हलला येऊन कंटाळवाणं होतं? आधी डिफिकल्टीला हात लावू नका

माझा मामेभाऊ भांडुपला राहतो, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणपतीत मामाकडे गेलो होतो. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि त्याने मला आतल्या खोलीत नेऊन लॅपटॉप उघडला. स्कायरिम या काल्पनिक जगातल्या व्हिडिओ गेमची पाच कॅरेक्टर होती, वेगवेगळ्या वंशांची. एक ऑर्क, एक ब्रेटन, एक खाजिट आणि दोन नॉर्ड. पाचही जण लेव्हल २८ ते ३४ च्या मध्ये कुठेतरी सोडून दिलेले.

"दादा, दर वेळी असंच होतं. सुरुवातीला इतकी मजा येते की झोप लागत नाही. मग एकदम काही उरतच नाही. लेजेंडरी, म्हणजे सगळ्यात अवघड डिफिकल्टी, लावून बघितलं, तरी तेच."

मी विचारलं, "या गेममध्ये शेवटचा घाबरलास कधी?"

तो बराच वेळ आठवत बसला. "व्हाइटरन शहराबाहेर पहिल्यांदा जायंट भेटला होता ना, तेव्हा."

हे उत्तर लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळं आहे. गेम ११ नोव्हेंबर २०११ ला आला. इतक्या वर्षांनंतरही लोक तो नव्याने सुरू करतात आणि नेमके याच टप्प्यावर सोडतात. मीही तीन कॅरेक्टर अशीच टाकून दिली. चौथं गेली दोन वर्षं चालू आहे. ते का टिकलं, ते सांगतो.

आधी फ्रेम रेट बघा

याचा कंटाळ्याशी थेट संबंध नाही, पण मजा मात्र यानेही जाते. हल्लीच्या लॅपटॉपचे स्क्रीन १२० किंवा १४४ हर्ट्झचे असतात. स्कायरिमचं फिजिक्स फ्रेम रेटला बांधलेलं आहे. फ्रेम ६० च्या बऱ्याच वर गेल्या की घरात पाऊल टाकताच टेबलावरची ताटंवाट्या उडतात, वस्तू थरथरत राहतात. जग खरं वाटेनासं होतं. ग्राफिक्स कार्डच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन या गेमपुरती मर्यादा ६० वर ठेवा. मुंबईच्या मे महिन्यात याचा आणखी एक फायदा आहे: कार्डवरचा भार कमी होतो, पंखा शांत राहतो, आणि एकाच खोलीत कोणी झोपलं असेल तर त्याची झोप मोडत नाही. भावाच्या लॅपटॉपवर मर्यादाच लावलेली नव्हती.

डिफिकल्टी वाढवून का उपयोग होत नाही

सोपं वाटायला लागलं की पहिला हात तिकडेच जातो. तिथे नेमकं काय बदलतं ते आकड्यांत बघा; नेहमीची पातळी म्हणजे अ‍ॅडेप्ट. अ‍ॅडेप्टवर तुमचा वार पूर्ण लागतो आणि समोरच्याचाही पूर्ण लागतो. एक्सपर्टवर तुमचा वार पाऊण, तुम्हाला बसणारा मार दीडपट. मास्टरवर तुमचा निम्मा, त्यांचा दुप्पट. लेजेंडरी ही पातळी २०१३ च्या १.९ पॅचमध्ये आली. तिथे तुमचा वार पाव उरतो आणि मार तिप्पट बसतो. शत्रूला नवी युक्ती सुचत नाही, तो वेगळ्या वाटेने येत नाही. अ‍ॅडेप्टवर दहा घावांत पडणारा दरोडेखोर आता चाळीस घावांत पडतो, एवढाच फरक.

आणि खरी गोम पुढेच आहे. वार पाव झाला की साधी तलवार घेऊन समोरासमोर लढणं परवडेनासं होतं. मग ज्या गोष्टी वाराला गुणतात त्यांच्याकडेच माणूस वळतो. लपून सोडलेला बाण दुप्पट लागतो, पर्क (लेव्हल वाढल्यावर निवडता येणारी खास क्षमता) घेतला की तिप्पट. लपून मारलेला खंजीर पर्कसह पंधरापट. त्यातून अल्केमी (औषधं बनवणं), एन्चांटिंग (वस्तूंवर जादू चढवणं) आणि स्मिदिंग (लोहारकाम) यांचं चक्र ठाऊक झालं की विषयच संपतो: एन्चांटिंग वाढवणारं औषध प्यायचं, त्या जोरावर अल्केमी वाढवणारी अंगठी बनवायची, ती घालून आणखी जालीम औषध बनवायचं, आणि शेवटी या सगळ्याच्या बळावर तलवारीला धार लावायची. जादूगाराचंही तेच. एन्चांटिंग शंभरावर नेलं, चार वस्तूंवर मंत्रांच्या खर्चात प्रत्येकी २५ टक्के सूट चढवली, की त्या शाखेचे सगळे मंत्र फुकट.

म्हणजे डिफिकल्टी वर सरकवली की खेळण्याच्या दहा पद्धतींमधल्या आठ बाद होतात, आणि उरलेल्या दोन तुम्हाला आधीच पाठ असतात. भावाच्या पाचही सेव्ह मी उघडून बघितल्या. ऑर्कची सुरुवात दोन हाती कुऱ्हाडीने झालेली, ब्रेटनची आगीच्या मंत्रांनी. शेवटी पाचही जणांच्या हातात धनुष्य होतं आणि पाचही जण वाकून चालत होते.

आता त्या जायंटकडे या. जायंट तुमच्या लेव्हलप्रमाणे लहानमोठा होत नाही, तो ३२ चाच असतो. नवख्या कॅरेक्टरला तो एका फटक्यात आभाळात पाठवतो. भाऊ घाबरला, कारण त्या क्षणी त्याला काहीतरी ठरवणं भाग होतं. पळायचं, लपायचं की वाट बदलायची? आणि चुकलं तर ते महागात पडणार होतं. तिसाव्या लेव्हलपर्यंत आपण एकेक करून सगळंच फुकट करून घेतो. प्रवास फुकट, कारण फास्ट ट्रॅव्हल आहे: नकाशावर जागा निवडली की थेट तिथे. जखमा फुकट, कारण लढाई थांबवून पिशवीतली वीस औषधं पिता येतात. मरणही फुकट, कारण अर्ध्या मिनिटापूर्वीची सेव्ह तयार असते. फुकटच्या गोष्टीचा विचार कोणी करत नाही. उपाय त्यामुळे एकच: या तिन्हींना परत किंमत लावायची.

प्रवास

यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक इथे पडतो.

माझं ऑफिस लोअर परळला आहे. मुलुंडहून निघतो, करी रोडला उतरतो. करी रोडला फास्ट थांबत नाही, त्यामुळे येताजाता स्लो. त्यामुळे विद्याविहार, सायन, माटुंगा ही स्टेशनं मला ओळखीची झाली आहेत: कुठे कुठला डबा पुलासमोर येतो, पावसात कुठल्या फलाटावर पत्रा गळतो. फास्टने जाणाऱ्या माझ्या मित्रांना ती फक्त इंडिकेटरवर वाचून माहीत आहेत. फास्ट ट्रॅव्हलने खेळलेलं स्कायरिम असंच राहतं. नकाशावर तीनशे खुणा असतात, पण मोर्थलहून सॉलिट्यूडला जाताना वाटेत काय लागतं ते सांगता येत नाही.

फास्ट ट्रॅव्हल बंद ठेवा. गेममध्ये गाडीवान आहेत: व्हाइटरन, सॉलिट्यूड, विंडहेल्म, रिफ्टन आणि मार्कार्थ या पाच शहरांबाहेरच्या तबेल्यांपाशी घोडागाडी उभी असते. मोठ्या शहरापर्यंत २० नाणी, लहान गावापर्यंत ५०. ती वापरायला हरकत नाही. गाडी फक्त गावापर्यंत नेते. गुहा, किल्ला, मंदिर, पुढची वाट पायीच. ही पायवाटच खरा गेम आहे. आयव्हरस्टेड गावाहून डोंगरावरच्या हाय ह्रोथगार मठाला जाणाऱ्या ७००० पायऱ्या, अर्ध्या वाटेवरचा तो बर्फातला ट्रोल. खालच्या लेव्हलला औषधं मोजून घेऊन ती चढण चढून बघा. ज्यांनी गडावर पायी जायची सवय ठेवली आहे त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

मनाला बंधन घालणं जमत नसेल तर सर्व्हायव्हल मोड लावा. २०१७ मध्ये तो क्रिएशन क्लब या गेमच्या अधिकृत दुकानातून आला, आणि ११ नोव्हेंबर २०२१ पासून स्पेशल एडिशन (गेमची सुधारित आवृत्ती) असलेल्या सगळ्यांना मोफत मिळतो. त्यात फास्ट ट्रॅव्हल बंदच होतो. भुकेने स्टॅमिना (दम) घटतो, थकव्याने मॅजिका (जादूची शक्ती) आणि थंडीने हेल्थ. जखम आपोआप भरत नाही. लेव्हल वाढवायची तर अंथरुणात झोपावं लागतं. उचलता येणारं वजन कमी होतं, आणि बाणांना आणि कुलपाच्या सळ्यांनाही वजन येतं. शेवटची गोष्ट छोटी वाटते, पण नऊशे बाण घेऊन फिरणाऱ्या धनुर्धाऱ्याला ती तिथल्या तिथे थांबवते.

थंडीबद्दल एक सांगतो. मी जन्मापासून मुंबईत आहे. आमच्याकडे थंडी म्हणजे जानेवारीत पहाटे पंखा बंद करायचा. विंटरहोल्डच्या वाटेवर पहिल्यांदा माझं कॅरेक्टर गारठायला लागलं तेव्हा काय करायचं हेच मला सुचेना. पिशवीत सोन्याचे दागिने होते, पण गरम सूप नव्हतं. दूर कुठेतरी दरोडेखोरांची शेकोटी दिसली. एरवी त्यांना मारून लूट घेतली असती. त्या रात्री फक्त विस्तवाजवळ जायचं होतं म्हणून लढलो, तेही निम्म्या हेल्थवर. चौघेच होते, साधे दरोडेखोर. ती लढाई मला आजही आठवते. कितीतरी ड्रॅगन मारले असतील, त्यांतला एकही असा आठवत नाही.

जखमा आणि औषधं

डिफिकल्टी एक्सपर्टवर ठेवा. पाऊण वार आणि दीडपट मार हे प्रमाण असं आहे की साध्या तलवारीनेही लढता येतं आणि निष्काळजीपणा मात्र महागात पडतो.

मग स्वतःला एक नियम घाला: लढाई सुरू झाली की पिशवी उघडायची नाही. कॉम्प्युटरवर फेव्हरिट्समधल्या वस्तूंना १ ते ८ ही बटणं देता येतात. त्या आठांत जे आहे तेवढंच तुमच्या कमरेला आहे असं समजा. चीजची पन्नास चाकं खाऊन तगणं बंद होतं, आणि गुहेच्या तोंडाशी पाच मिनिटं बसून कुठलं औषध कुठल्या बटणावर, हा विचार सुरू होतो. मला तो विचार लढाईइतकाच आवडायला लागला आहे.

अल्केमी, एन्चांटिंग, स्मिदिंग यांतलं एकच निवडा. दोन घेतले तरी चक्र सुरू होतं. चिलखताबद्दलही माहिती असू द्या: सगळे तुकडे अंगावर असताना आकडा ५६७ वर गेला की मार ८० टक्के वाचतो, आणि त्यापुढे कितीही वाढवला तरी काही मिळत नाही. तिथपर्यंत पोचायची घाई करू नका.

मरण

मेलं की कॅरेक्टर कायमचं पुसायचं, असा कडक नियम काही जण पाळतात. नोकरी करणाऱ्या माणसाला मी तो सुचवणार नाही. महिनाभराचे रोजचे तास एका ट्रोलपायी गेले तर पुन्हा गेम उघडावासा वाटत नाही.

माझी पद्धत वेगळी आहे. सेटिंगमध्ये आपोआप सेव्ह होण्याचे वेगवेगळे पर्याय आहेत: झोपल्यावर, वाट बघितल्यावर, प्रवासात, मेनू उघडल्यावर. मी फक्त झोपल्यावरचा चालू ठेवला आणि क्विकसेव्ह वापरायचं सोडून दिलं. खाणावळीत खोलीचे १० नाणी पडतात. माझ्याकडे रात्री जेवण झाल्यावर तास-सव्वा तास असतो, तो या मापात बरोबर बसतो. एका खाणावळीतून निघायचं, दुसरी गाठायची, तिथे झोपायचं, सेव्ह होतं. उशीर झाला आणि अंधारात अजून रान तुडवतोय, तर खरी घाई सुटते, कारण सकाळची लोकल मलाही असते. फक्त मोठ्या डंजनच्या दारात एक हाताने केलेली सेव्ह ठेवा. ती गेम क्रॅश झाला तरच उघडायची.

हे कॅरेक्टर काय करणार नाही?

वरचे तिन्ही उपाय केले आणि तरीही दोन महिन्यांनी पुन्हा कंटाळा आला, तर कारण बहुतेक इथे असतं. स्कायरिममध्ये एकच माणूस कम्पॅनियन्स या योद्ध्यांच्या संघटनेचा प्रमुख, चोरांच्या टोळीचा म्होरक्या आणि जादूच्या महाविद्यालयाचा आर्चमेज, म्हणजे प्रमुख, होऊ शकतो, तेही फारशी जादू न करता. सगळं मिळालं की कशाचंच काही वाटत नाही. एका कॅरेक्टरला एकच संघटना द्या. काय करणार याची यादी लांबत जाते. काय करणार नाही ते तीन ओळींत लिहून ठेवा.

मुख्य कथाही घाईने सुरू करायलाच हवी असं नाही. व्हाइटरनच्या यार्लने, म्हणजे तिथल्या सरदाराने, पश्चिमेच्या बुरुजावर पाठवलेली ती मोहीम जोवर तुम्ही करत नाही तोवर रानात ड्रॅगन उतरत नाहीत. म्हणजे तुम्ही शिकारी म्हणून, व्यापारी म्हणून, यात्रेकरू म्हणून कितीही काळ जगू शकता. माझं चौथं कॅरेक्टर वैदू आहे. धनुष्य नाही, भारी चिलखत नाही. एक साधी तलवार आणि तिला लावायची विषं. डेथबेलची फुलं मुबलक मिळतात ती मोर्थलच्या दलदलीत, म्हणून पावसाळी धुक्यातून तिकडेच हेलपाटे चालू असतात. मोर्थल मी आधीच्या तीन खेळांत दहा मिनिटांत उरकलं होतं. आता तिथली माणसं मला ओळखीची वाटतात.

क्वेस्टच्या, म्हणजे मोहिमेची जागा दाखवणाऱ्या, बाणाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तो पूर्ण बंद करा असं सांगणारे बरेच भेटतील. २००२ च्या मॉरोविंडमध्ये ते चालायचं, कारण तिथली माणसं रस्ता तोंडाने सांगत आणि वहीत तो लिहिलेला असे. स्कायरिमच्या बऱ्याच क्वेस्टमध्ये तसा पत्ता दिलेलाच नाही, त्यामुळे बाण काढला की नुसती भटकंती होते. निघण्यापूर्वी खाणावळीत नकाशा बघा, मग जर्नलमध्ये क्वेस्ट निष्क्रिय करून ठेवा, आणि अगदीच चुकलात तर ती पुन्हा सक्रिय करून क्लेअरव्हॉयन्सचा मंत्र वापरा. तो वाट दाखवतो, पण मॅजिका घेतो.

उलटी तक्रार: शत्रू एकदम भारी झाले

हीसुद्धा नेहमीची. कुठलंही स्किल वाढलं की लेव्हल वाढते, मग ते लोहारकाम असो की घासाघीस. गावात बसून ही वाढवत राहिलात तर लेव्हल २५ होते, शत्रू त्याप्रमाणे येतात आणि तलवार मात्र पाचव्या लेव्हलचीच असते. डिफिकल्टी खाली आणण्याआधी शिक्षक शोधा. प्रत्येक लेव्हलला पाच धडे विकत घेता येतात. ते लढण्याच्या स्किलवर खर्च करा. आणि एक गुहा हास्यास्पद सोपी का लागली असा प्रश्न पडला असेल तर त्याचं कारण असं की बहुतेक जागांची पातळी तुम्ही पहिल्यांदा पाऊल टाकता तेव्हाच ठरून जाते. खालच्या लेव्हलला नुसतं डोकावून परत येऊ नका.

मॉड सगळ्यात शेवटी

मॉड म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या, खेळाडूंनी बनवलेल्या फाइल. वरचं सगळं विनामॉड होतं, म्हणून आधी ते. रिक्विएम हा मॉड शत्रूंचं लेव्हलनुसार वाढणंच काढून टाकतो. कुठे जायचं नाही हे मार खाऊन शिकावं लागतं. ऑर्डिनेटर पर्कची झाडं नव्याने मांडतो. एका वेळी एकच घाला, आधी सेव्हची प्रत काढून ठेवा, आणि चालू खेळाच्या मध्यावर काढू नका. स्पेशल एडिशनमध्ये बहुतेक मॉड घातले की अचीव्हमेंट मिळणं बंद होतं, आणि गेमचं अपडेट आलं की स्क्रिप्ट एक्स्टेंडर या बाहेरच्या साधनावर चालणारे मॉड नवी आवृत्ती येईपर्यंत बंद पडतात.

जुनी सेव्ह वाचवायची असेल तर

नव्याने सुरू करायचं मन नसेल तरी मार्ग आहे. व्हाइटरनमधलं ब्रीझहोम हे घर ५००० नाण्यांना मिळतं. चक्रातून बनवलेलं सगळं सामान तिथल्या पेटीत ठेवा. ज्या स्किलवर तुम्ही विसंबून आहात ते शंभरावर असेल तर स्किलच्या मेनूत लेजेंडरी करा (ही ती डिफिकल्टी नव्हे). ते १५ वर येतं आणि पर्कचे गुण परत मिळतात. ते गुण अशा झाडावर लावा ज्याला आजवर हात लावला नाही. वर जायचंच असेल तर लेव्हल ८० ला एबनी वॉरियर स्वतः तुम्हाला शोधत येतो, आणि सोलस्थाइम बेटावरचा कार्स्टाग लेव्हल ९० चा आहे. या दोघांपुढे वर सांगितलेले नियम पाळून उभं राहणं हे खरंच अवघड आहे.

भावाने पाचांतला ऑर्क निवडला. धनुष्य आणि सगळे बाण पेटीत गेले, हातात पुन्हा साधी कुऱ्हाड आली, सर्व्हायव्हल चालू झाला. रविवारी मामीने जेवायला दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा तो व्हाइटरनची वेस ओलांडून पायी निघाला होता. "दादा, पुढची खाणावळ किती लांब आहे रे?" त्याने विचारलं. अंधार पडायला आला होता आणि पिशवीत एकच पाव होता.